खांद्याचे बळ आणि रहाटाचा वेळ



'शिवधनुष्य पेलणे' हा शब्दप्रयोग आपण रोजच्या बोलण्यात इतक्या सहजपणे करतो, की त्यामागची गोष्ट आपल्याला आठवतही नाही. जनकाच्या सभेत देशोदेशीचे राजे आले, धनुष्याला हात घालून गेले, आणि धनुष्य तसूभरही हलले नाही. तिकडे ग्रीकांच्या महाकाव्यातही अशीच कथा आहे. वीस वर्षांनी घरी परतलेल्या ओडिसियसचे धनुष्य त्याच्या पत्नीच्या मागे लागलेल्या उमेदवारांपैकी एकालाही वाकवता येत नाही. दोन्ही कथांत धनुष्य माणसाला एकच प्रश्न विचारते : तुझ्या खांद्यात बळ आहे काय? ज्याच्या खांद्यात बळ नाही त्याने मुकाट्याने बाजूला व्हावे, असा त्या प्रश्नाचा रोख आहे.

आज मला आपल्यापुढे एका वेगळ्या धनुष्याविषयी बोलावयाचे आहे. त्याला इंग्रजीत क्रॉसबो म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला आडवे धनुष्य म्हणू. बंदुकीसारखा एक लाकडी दांडा, त्याच्या पुढच्या टोकाला आडवी बसवलेली धनुकली, मागे ओढलेली दोरी अडकवून ठेवणारी एक खिट्टी, आणि ती सोडणारा चाप, एवढे त्याचे अवयव. मुलाच्या डोक्यावरचे सफरचंद टिपणाऱ्या विल्यम टेलची गोष्ट लहानपणी पुष्कळांनी वाचली असेल. त्याच्या हातात होते ते हेच. या धनुष्याने शिवधनुष्याचा प्रश्नच बदलून टाकला. 'तुझ्या खांद्यात बळ किती', असे ते विचारत नाही. ते विचारते, 'तुझ्याजवळ वेळ किती आहे?'

हा विषय मला कसा सुचला तेही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा धरला. वरच्या फळीवरचे पुस्तक काढता येईना, सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. अशा वेळी माणूस आपल्या दुखण्याविषयी जे सापडेल ते वाचत सुटतो. त्या वाचनात एक प्रश्न भेटला, आणि तो होता परदेशातील शिकाऱ्यांचा. खांदा दुबळा झालेल्या शिकाऱ्याने आडव्या धनुष्याची दोरी चढविण्यासाठी कोणते साधन निवडावे? प्रथम मला तो प्रश्न अगदी क्षुल्लक वाटला. मी शिकारी नव्हे; आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो छंद आपल्याकडे इतिहासजमाच झाला. परंतु जरा मागे जाऊन पाहिले तेव्हा ध्यानात आले, की हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि आडव्या धनुष्याचा सारा इतिहास म्हणजे त्याला निरनिराळ्या काळी माणसाने दिलेली उत्तरे आहेत.

प्रथम साधे धनुष्य खांद्याकडून काय मागते ते पाहू. खांद्याचा सांधा हा आपल्या शरीरातील सर्वांत मोकळा सांधा. मोठा गोळा आणि उथळ बशी, अशी त्याची रचना आहे. तो सांभाळला जातो तो मुख्यतः भोवतालच्या स्नायूंनी आणि त्यांच्या दोऱ्यांनी. साध्या धनुष्यात दोरी ओढावयाची, ओढलेली धरावयाची आणि धरलेली असतानाच नेम घ्यावयाचा. म्हणजे सारा भार नेमक्या त्या क्षणी खांद्यावर असतो, ज्या क्षणी हात स्थिर हवा. इंग्लंडच्या लांब धनुष्याची कीर्ती आपण ऐकतो. पण ते धनुष्य हाती धरण्यासाठी माणसाला लहानपणापासून घडवावे लागे. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी धनुर्विद्येचा सराव करावा असे फर्मानच काढले होते.

या सरावाची किंमत काय पडे, त्याचा पुरावा समुद्राच्या तळाशी सापडला. आठव्या हेन्रीची 'मेरी रोझ' ही युद्धनौका १५४५ साली बुडाली आणि १९८२ साली तिचा सांगाडा वर काढण्यात आला. तिच्यावर शंभराहून अधिक लांब धनुष्ये मिळाली. त्यांतील पुष्कळांची ओढ शंभर पौंडांच्या वर, काहींची तर दीडशे पौंडांच्याही पलीकडे असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण धनुष्यांहून बोलकी निघाली ती माणसांची हाडे. खांद्याच्या फऱ्याचे टोक तारुण्यात जुळून एकसंध व्हावयाचे असते. त्या नौकेवरील पुष्कळ सांगाड्यांत ते जुळलेलेच नव्हते. पोरवयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असे मत मांडले गेले आहे. राजाचे फर्मान हाडावर लिहिले गेले, असेच म्हणावयाचे!

आडव्या धनुष्याने पहिली मोठी गोष्ट केली ती ही, की ओढणे आणि नेम धरणे ही दोन कामे एकमेकांपासून तोडली. एकदा दोरी खिट्टीत अडकली, की धनुष्य आपले बळ आपणच धरून ठेवते. माणसाने दांडा खांद्याशी टेकवावा, श्वास रोखावा, नेम धरावा आणि चाप दाबावा. आता उरला प्रश्न दोरी चढविण्याचा. तो भार कुठे तरी पडणारच. तो खांद्यावरून काढला तर शरीराच्या दुसऱ्या कोणत्या भागावर टाकावा?

ग्रीकांनी तो पोटावर टाकला. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने आपल्या यंत्रग्रंथात 'पोटधनुष्या'चे वर्णन केले आहे. या धनुष्याच्या दांड्याला मागे एक वाकडी आडवी पट्टी असे. पुढचे सरकते टोक जमिनीला लावावयाचे, मागची पट्टी पोटाशी घ्यावयाची, आणि साऱ्या अंगाचा भार टाकून रेटावयाचे. टोक मागे सरके आणि दोरी चढे. ख्रिस्तपूर्व ३९९ च्या सुमारास सिसिलीतील सिराक्यूज येथे डायोनिसियसने देशोदेशीचे कारागीर जमवून शस्त्रे करविली. तेव्हापासून ग्रीकांच्या यांत्रिक धनुष्यांचा इतिहास सुरू होतो. माणसाचे वजन हे खांद्याच्या बळाहून भरवशाचे असते, हा शोध या पोटधनुष्यात आहे.

चीनमध्ये हे धनुष्य स्वतंत्रपणे आणि फार मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. काशाची खिट्टी आणि चाप ओतून काढण्याची त्यांची कला इतकी पुढे गेलेली होती, की १९७४ साली सापडलेल्या मातीच्या सैन्याबरोबर असे कित्येक चाप निघाले. चिन्यांनी भार टाकला तो पायांवर. बसून किंवा उभे राहून दोन्ही पाय धनुकलीवर रोवावयाचे आणि पाठीच्या जोराने दोरी ओढावयाची. कोकणातला पायरहाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही युक्ती चटकन कळेल. हाताने जे पाणी वर येत नाही ते पायाने येते. पायाने धनुष्य चढविणाऱ्यांचे चिनी सैन्यात एक खास पथकच असे. शन्तू ज्या नावाचा एक साधा शिपाई याच पथकात नोकरीस लागला आणि पुढे ख्रिस्तपूर्व १६२ साली हान साम्राज्याचा मुख्य प्रधान झाला.

चिन्यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. वाळवंटाच्या कडेच्या त्यांच्या ठाण्यांत लाकडी पट्ट्यांवर लिहिलेल्या नोंदी सापडल्या आहेत. धनुष्याची ओढ तेथे 'दगडां'त मोजलेली असे. एक दगड म्हणजे सुमारे तीस किलो. एखादे धनुष्य जुने झाले, त्याला इजा झाली, की त्याचे बळ पुन्हा मोजून 'आता एवढे उरले आहे' असे नोंदीत लिहीत. मूळचे बळ किती होते या बढाईवर कोणी लढत नसे. माणसांच्या बाबतीतही असा हिशेब वेळेवर केला असता, तर पुष्कळ खांदे वाचले असते!

युरोपात मध्ययुगात हे धनुष्य पुन्हा वर आले. बायझंटाइन राजकन्या ॲना कॉम्नेनी हिने बाराव्या शतकात आपल्या पित्याचे चरित्र लिहिले. पश्चिमेकडून आलेल्या धर्मयोद्ध्यांच्या हाती तिच्या लोकांनी हे हत्यार पाहिले आणि ते चकित झाले. हा मनुष्य जवळजवळ उताणा पडतो, दोन्ही पाय धनुकलीवर रोवतो आणि दोन्ही हातांनी दोरी ओढतो, असे ती वर्णन करते. पुढे दांड्याच्या टोकाला लोखंडी रिकीब आली. रिकिबीत एक पाऊल घालावे, धनुष्य जमिनीशी दाबून धरावे आणि दोरी वर ओढावी. त्यानंतर कमरेच्या पट्ट्याला आकडा आला. खाली वाकून दोरी आकड्यात अडकवावयाची आणि नुसते उभे राहावयाचे! मांड्या आणि पाठ काम करतात; खांदा जवळजवळ मोकळा. तेराव्या शतकातील इंग्रज राजांच्या हिशेबांत एका पायाची धनुष्ये, दोन पायांची धनुष्ये आणि रहाटाने चढवावयाची धनुष्ये असे वेगवेगळे प्रकारच नोंदलेले आहेत. धनुष्याचे नाव त्याच्या लाकडावरून न पडता माणसाच्या अवयवावरून पडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु पाठीला आणि मांड्यांनाही मर्यादा असते. चिलखते जाड होत गेली, तशी धनुष्ये जबर होत गेली. लाकूड, शिंग आणि तात यांची सांधलेली धनुकली आली, आणि मग पोलादाची आली. आता नुसते शरीर पुरेना. यंत्राला बोलवावे लागले. यंत्रे तीन प्रकारची होती, आणि तिन्ही आपल्या ओळखीची आहेत.

पहिली तरफ. तिला 'शेळीचा पाय' म्हणत, कारण तिचे दुभंगलेले टोक शेळीच्या खुरासारखे दिसे. पहारीने दगड उचलावा तशी ती दोरी उचलून मागे नेई. एका झटक्यात काम होई. घोडेस्वारालाही ती वापरता येत असे. मात्र धनुष्य बेताच्या ताकदीचे हवे. दुसरे यंत्र रहाट. दांड्याच्या मागच्या टोकाला कप्प्या आणि दोऱ्या असलेले हे यंत्र बसवावयाचे, दोन्ही मुठी फिरवून दोरी मागे आणावयाची, मग यंत्र काढून बाजूला ठेवावयाचे आणि बाण लावावयाचा. तिसरे यंत्र दातेरी पट्टीचे आणि चाकाचे. त्याला क्रॅनेक्विन म्हणत. पेटीत लहान दातेरी चाके, बाहेर एक लांब दातेरी पट्टी, आणि फिरवावयाला एक मूठ. रस्त्यात टायर बदलताना जॅकची मूठ फिरवून एक माणूस भरलेली मोटार उचलतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. क्रॅनेक्विन हा त्या जॅकचाच पूर्वज.

ही यंत्रे काय करू शकत, याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. सर राल्फ पेन-गॉलवी या इंग्रज गृहस्थांनी १९०३ साली आडव्या धनुष्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याजवळ पंधराव्या शतकातील एक पोलादी धनुष्य होते. त्याची ओढ १,२०० पौंड, म्हणजे सुमारे साडेपाचशे किलो होती. रहाटाने ते चढवून त्यांनी वेल्सची मेनाई सामुद्रधुनी ओलांडून बाण पलीकडच्या तीरावर टाकला. अंतर भरले सुमारे ४४० यार्ड. जे धनुष्य चार पहिलवानांना वाकवता आले नसते ते एका माणसाने दोन मुठींवर चढविले.

मग हे बळ आले कोठून? जादूने नव्हे. थोडा हिशेब करू. त्या धनुष्याची दोरी मागे येते ती अवघी सात इंच. १,२०० पौंडांचा जोर सात इंच चालवावयाचा आहे. आपला हात जर तीसच पौंडांचा जोर लावणार असेल, तर तो चाळीसपट अंतर चालला पाहिजे. म्हणजे २८० इंच, तेवीस फुटांहून अधिक. घर्षण धरले तर याच्याही वर. तीन पावलांत वाडा ओलांडता येत नाही, तसे एका झटक्यात हे अंतर कापता येत नाही. हात फिरत राहतो, वेळ जात राहतो. यंत्र बळ देत नाही. ते बळाच्या बदल्यात वेळ घेते. खांद्याचे कर्ज वेळेने फेडावयाचे, हा या साऱ्या यंत्रांचा एकच करार आहे, आणि त्यात सूट नाही.

हा करार न ओळखणाऱ्यांचे काय होते, ते १३४६ सालच्या क्रेसीच्या लढाईत दिसले. फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने जिनोव्हाचे भाडोत्री धनुर्धर पुढे घातले. दिवसभराच्या चालीने ते थकलेले होते. ज्या मोठ्या ढालींच्या आड उभे राहून धनुष्य चढवावयाचे त्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांतच राहिल्या होत्या. समोर इंग्रजांची लांब धनुष्ये. कसलेला लांब-धनुर्धारी मिनिटाला दहाच्या आसपास बाण टाकी. आडव्या धनुष्याचे दोन-तीन झाले तरी पुष्कळ. जिनोव्हाचे लोक मोडले, आणि त्यांच्याच बाजूच्या सरदारांनी त्यांना भित्रे ठरवून घोड्यांखाली तुडविले. इतिहासाच्या पुस्तकांत या लढाईचे एक चित्र वारंवार छापतात; त्यात जिनोव्हाचा शिपाई रहाट फिरवीत बसलेला दिसतो. पण ते चित्र लढाईनंतर शंभराहून अधिक वर्षांनी काढलेले आहे. चित्रकाराने आपल्या काळचे यंत्र आजोबा-पणजोबांच्या हाती दिले. क्रेसीला हरले ते रहाटामुळे नव्हे. ज्या हत्याराला वेळ लागतो त्याला तो वेळ मिळवून देणारी ढाल मागे ठेवली, म्हणून ते हरले. तटाच्या आडून तेच धनुष्य अजिंक्य ठरे. सिंहहृदयी म्हणून गाजलेला पहिला रिचर्ड राजा ११९९ साली शालूच्या किल्ल्यासमोर पडला तो तटावरून आलेल्या अशाच एका बाणाने.

पुढे बंदूक आली. पोर्तुगीज हिंदुस्थानात आले तेव्हा हा बदल अर्धवट झालेला होता. १४९८ मध्ये वास्को द गामाच्या गलबतांवर तोफांच्या जोडीला ही आडवी धनुष्ये होती. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कच्या फौजेतही त्यांचे धनुर्धर होते. परंतु थोड्याच काळात रणांगणावरून हे हत्यार गेले, आणि जेथे वेळ भरपूर असतो अशा एका जागी जाऊन स्थिरावले. ती जागा म्हणजे शिकार.

शिकारी आणि शिपाई यांत मोठा भेद आहे. शिपायाला दुसरा बाण पहिल्याइतकाच लवकर हवा असतो. शिकारी तासन्‌तास दबा धरून बसतो आणि त्याचा खरा बाण एकच असतो. पहिला चुकला तर हरीण दुसऱ्यासाठी थांबत नाही. म्हणून क्रॅनेक्विन हे अतिशय संथ यंत्र शिकाऱ्यांचे लाडके झाले. आवाज थोडा, धूर नाही, आणि चढविलेले धनुष्य हातात घेऊन स्वस्थ बसता येते. ते महाग होते, म्हणून राजेरजवाड्यांच्याच हाती दिसे. जर्मन चित्रकार लुकास क्रानाख याने १५२९ साली काढलेल्या हरणांच्या शिकारीच्या चित्रात सम्राट मॅक्सिमिलियन आणि सॅक्सनीचा फ्रेडरिक ही मंडळी आडवी धनुष्ये घेऊन उभी आहेत. आज ते चित्र व्हिएन्नाला आहे. आणि त्याच्या १५४० सालच्या दुसऱ्या चित्रात सॅक्सनीच्या इलेक्टरची पत्नी सिबिल हिच्याही हातात धनुष्य आहे.

स्त्रियांचे नाव निघाले म्हणून आणखी एक दाखला देतो. १५९१ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडची पहिली एलिझाबेथ काउड्रे येथे पाहुणी गेली होती. सकाळी तिच्यासाठी उपवनात एक मांडव उभारला होता, वाद्ये वाजत होती, आणि वनदेवीच्या वेषातील एका गायिकेने तिच्या हातात आडवे धनुष्य आणून दिले. कुंपणात सुमारे तीस हरणे सोडलेली होती. त्यांपैकी तीन-चार तिने टिपली, असे त्या वेळच्या वृत्तांतात आहे. राणीला तेव्हा अठ्ठावन्नावे वर्ष चालू होते. त्या वयाच्या बाईच्या हाती लांब धनुष्य देण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. आडव्या धनुष्याने तिला विचारले ते डोळा स्थिर आहे काय आणि हात शांत आहे काय, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आजच्या एखाद्या वृद्ध किंवा जायबंदी शिकाऱ्याने काय निवडावे? अमेरिकेच्या अनेक संस्थानांत कित्येक वर्षे असा नियम होता, की धनुष्याच्या शिकारीच्या हंगामात आडवे धनुष्य वापरावयाचे तर डॉक्टरचा दाखला हवा. साधे धनुष्य ओढता येत नाही हे सिद्ध केले पाहिजे. पुढे बऱ्याच ठिकाणी हा नियम सैल झाला. पण दाखला देणारा डॉक्टर दोरी चढवून देत नाही. आजच्या शिकारी धनुष्यांची ओढ साधारण दीडशे ते दोनशे पौंड असते, आणि ती चढविण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत.

पहिला मार्ग नुसत्या हातांचा. रिकिबीत पाय घालून दोन्ही हातांनी दोरी ओढावयाची. दुबळ्या खांद्याच्या माणसाने तो विचारातूनच काढून टाकावा. दुसरा मार्ग आकडे आणि कप्प्या असलेल्या दोरखंडाचा. त्याने जोर निम्मा लागतो. दीडशेच्या ठिकाणी पंचाहत्तर. शिवाय दोन्ही आकडे दोरी सारखी ओढतात, त्यामुळे बाण एका बाजूला जात नाही. हाताने ओढताना एक हात पुढे गेला की नेम बिघडतो. परंतु करार विसरू नका. जोर निम्मा झाला म्हणजे अंतर दुप्पट झाले. हातातल्या मुठी कमरेपाशी न थांबता छातीपर्यंत वर येतात, आणि दुखरा खांदा नेमका तेथेच कुरकुरतो. ज्याची ताकद थोडी कमी झाली आहे त्याला हे साधन पुरते. ज्याला हात वर नेताच कळ येते त्याला पुरत नाही. तिसरा मार्ग मूठ फिरवावयाच्या यंत्राचा, म्हणजे जुन्या रहाटाच्या आणि क्रॅनेक्विनच्या नातवाचा. जोर लागतो पाण्याची कळशी उचलण्याइतका, कोपर अंगालगत राहते, खांदा जवळजवळ स्वस्थ असतो. वजन, किंमत आणि वेळ मात्र जास्त.

निवडताना पाहावयाच्या गोष्टी जुन्या इतिहासानेच शिकविल्या आहेत. पहिली, यंत्र शोधण्याआधी धनुष्याची ओढ कमी करता येते काय ते पाहावे. चिनी धनुष्यांची दोरी दीड फुटाच्या आसपास मागे येई, युरोपातील पोलादी धनुष्याची अवघी सहा-सात इंच. म्हणून चिन्यांना थोड्या ओढीत पुष्कळ काम साधे. मोठा आकडा म्हणजे मोठे काम नव्हे. दुसरी, नुसता खांदा नव्हे, सारे शरीर मोजावे. पट्ट्याच्या आकड्याने खांदा वाचतो, पण ज्याचे गुडघे गेले आहेत त्याला वाकून उठता येत नाही. तिसरी, चढविता येते तसे उतरविताही आले पाहिजे. संध्याकाळी शिकार न मिळता परत निघालेल्या माणसाने ताणलेले धनुष्य घेऊन चालू नये. आणि बाण न लावता दोरी सोडली तर धनुष्य फुटते. उतरविण्याची सोय नसेल तर एक बाण मऊ जमिनीत सोडावा लागतो. जुन्या धर्तीच्या यंत्रात दोरी उतरविताना मूठ हातातून सुटली तर ती गरकन उलटी फिरते आणि मनगट मोडते. म्हणून आपोआप अडकणारा दाता आहे काय, हे आधी विचारावे. चौथी आणि शेवटची गोष्ट ही, की दुकानात एकदा चढवून निवड करू नये. थंडीत, जाड कपड्यांत, पाचव्यांदा चढविताना खांदा काय म्हणतो, तो खरा कौल.

येथे कोणी मला विचारील, 'अहो, मारणे सोपे करण्याची ही विद्या तुम्ही कौतुकाने काय सांगता?' हा आक्षेप जुना आहे आणि तो रास्त आहे. ११३९ साली रोममधील लॅटरन धर्मसभेने ख्रिश्चनांविरुद्ध ही प्राणघातक कला वापरू नये, असा निषेध केला. तो कोणी फारसा मानला नाही. आयुष्यभर तालीम केलेल्या सरदाराला काही आठवड्यांच्या शिक्षणावर तयार झालेला कोणीही दुरून पाडतो, हे अनेकांना सहन होत नव्हते. त्या संतापात दया किती होती आणि मिरासदारी किती होती, याचा निवाडा आपण करावा. माझ्यापुरते मी म्हणतो, की साधन दुबळ्याला बळ देते तेव्हा जबाबदारीही देते. दुखऱ्या खांद्याने थरथरत सोडलेला बाण जनावराला जखमी करून रानात कण्हत ठेवतो. त्याहून स्थिर हाताने सोडलेला एक बाण बरा. आणि ज्याला तोही सोडावासा वाटत नाही त्याने लक्ष्याच्या फळीवर नेम धरावा. धनुष्य तेथेही तेच आणि खांदाही तोच.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्याच्या विहिरीवर एक जुना लाकडी रहाट होता. माझी आजी एका हाताने अधू होती. मी पोरसवदा जोरात घागर ओढावयास जात असे आणि ती मला म्हणे, "अरे, झटू नकोस. रहाटाला त्याचा वेळ घेऊ दे, पाणी कुठे जात नाही." मी हसत असे. तिची घागर माझ्यानंतर वर येई, पण ती काठोकाठ भरलेली असे, आणि माझी निम्मी सांडलेली.

खांद्याचे बळ आज ना उद्या प्रत्येकाचे उतरणार आहे. त्या दिवशी शिवधनुष्यासमोर मान खाली घालून उभे राहावयाचे, की आपल्या बळाची नवी नोंद पट्टीवर प्रामाणिकपणे लिहून रहाटाची मूठ हाती घ्यावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी माझ्या वरच्या फळीपाशी एक लहानशी शिडी आणून ठेवली आहे. पुस्तक पूर्वीपेक्षा उशिरा हाती येते, पण येते.